ज्याचा थर त्याचा

धाकटी सून स्वयंपाकघरात शिरली आणि तिच्यामागे थोरलीने दार ओढून घेतलं. कडी लावली नव्हती, पण लावल्यासारखीच होती. भाजीचे थर लागेपर्यंत एका वेळी एकच माणूस आत, ही या घराची रीत होती आणि आता पाळी धाकटीची होती.

ही रीत आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. वर्षअखेरीच्या मोठ्या सुट्टीत या घरी संध्याकाळच्या जेवणाला एकच मोठा पदार्थ असायचा. मातीच्या रुंद, खोलगट भांड्यात भाज्यांचे पाच थर लावायचे, प्रत्येक थरावर दूध-लोण्याचा घट्ट पांढरा सॉस ओतायचा, त्यावर पावाचा भाजलेला चुरा पेरायचा आणि मग पुढचा थर. सगळ्यात वर चीज, आणि तासभर ओव्हन. एवढं कुठल्याही घरात होतं. या घरात मात्र प्रत्येक थर वेगळ्या माणसाचा असे. त्याने एकट्याने आत जायचं, मनाला येईल ते घालायचं, सॉसने झाकायचं आणि बाहेर येऊन कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. जेवताना बाकीच्यांनी ओळखायचं. ज्याचं सगळ्यात जास्त चुकेल त्याने भांडी घासायची. विचारायचं मात्र नाही. "ज्याचा थर त्याचा," असं सासरे म्हणत, आणि ते एकदा म्हणाले की विषय संपला.

धाकटीने भांड्यात डोकावून पाहिलं. पांढऱ्या सॉसचा गुळगुळीत पृष्ठभाग, त्यावर तपकिरी चुरा. खाली तीन थर होते, सासूबाईंचा, थोरल्या जावेचा आणि तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा. त्यांत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. आणि दीड तासाने हेच तिची मुलगी खाणार होती.

मुलगी सात वर्षांची. पुढचे दोन दात मोठे म्हणून तिला सगळे खार म्हणत. खारीला काजू चालत नसे. चालत नसे म्हणजे आवडत नसे, असं नव्हे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाढदिवसाला केकच्या एका घासाने तिचे ओठ सुजले, घसा आवळला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य धाकटी रोज रात्री उशाशी घेऊन झोपत असे.

धाकटीचं हे दुसरं लग्न. खारीला घेऊन ती या घरात आली त्याला पंधरा दिवस झाले होते. काजूचं तिने लग्न ठरण्याआधीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सासरे तेवढे म्हणाले होते, "खारीला काजू चालत नाही? ऐकावं ते नवलच." सगळे हसले होते. तीही हसली होती. पण उद्यापासून तिला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला जायचं होतं, शाळेला सुट्टी होती, आणि खार दिवसभर या माणसांच्या हाती राहणार होती. ठेवायची की नाही, हे तिला आज रात्रीपर्यंत ठरवायचं होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

तिने आपला लाल भोपळा पसरला. वर थोडी मिरपूड, जायफळ. सॉस ओतला. मग ओट्यावरचा पत्र्याचा डबा उघडला. "पावाचा चुरा, या डब्यातलाच घ्यायचा," असं सासूबाईंनी बजावलं होतं. डबा तळाला गेला होता. चमचा पत्र्यावर खरवडला. खालचा चुरा जरा दमट, तेलकट वाटला, चमच्याला चिकटत होता. शिळ्या पावाला लोणी राहिलं असेल, असं म्हणून तिने तो थरावर पेरला आणि दार उघडलं.

"किती वेळ," थोरली बाहेरच उभी होती. थोरली गाडी चालवायला शिकवायची. तिचा नवरा जहाजावर, म्हणून सुट्टीला ती एकटीच आली होती. "थर लावत होतीस की गाडी मागे घेत होतीस?"

"पहिलीच वेळ आहे, ताई."

"पहिल्या वेळी सगळेच कुंपणाला घासतात. काही होत नाही."

शेवटचा थर सासऱ्यांचा. ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, त्यामुळे त्यांचा थर नेहमी सगळ्यात नीट, सगळ्यात हळू. वीस मिनिटांनी ते हात पुसत बाहेर आले. "डबा पार खरवडून घ्यावा लागला. पण पुरला." भांडं ओव्हनमध्ये गेलं. ओव्हनपाशी नवरा आणि खार थांबले. त्याचं काम लिफ्टा दुरुस्त करायचं, तापलेल्या यंत्राजवळ बसायची त्याला सवय होती, आणि खार त्याला काका म्हणत हल्ली त्याच्या मागे मागे असायची. बाकीचे बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

धाकटी बसली, उठली, टेबलावरच्या ताटल्या उगीच सरळ केल्या, पुन्हा बसली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. पाऊण तास होऊन गेला. विचारावं, तर पंधरा दिवसांची सून घराची रीत मोडते. न विचारावं, तर खारीच्या बशीत काय पडतंय ते तिला ठाऊक नाही. शेवटी तिने ठरवलं, की लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

"आई, एक विचारू?"

सासूबाई शर्टाला गुंडी लावत होत्या. "विचार की."

"तुमच्या थरात काय आहे?"

सुई थांबली. थोरली हळूच म्हणाली, "गेली. लाल सिग्नल तोडून गेली."

"ज्याचा थर त्याचा, सूनबाई," सासरे म्हणाले.

"हो, बाबा. पण माझी मुलगी खाणार आहे ते."

"मग? आम्ही काय विष कालवलंय त्यात?"

"तसं नाही म्हणत मी." तिचे कान तापले होते. "काय घातलंय ते नका सांगू. काय नाही घातलं तेवढं सांगा. 'काजू नाही' एवढं मला एकेकाच्या तोंडून ऐकायचंय. मग मी गप्प बसते."

सासूबाईंनी गुंडीचा दोरा दातांनी तोडला. तुटायला हवा होता त्यापेक्षा जरा जोरातच.

"तू घरात यायच्या आधी मी डब्या-डब्यांतून काजू वेचून शेजारी देऊन आले," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने. तुला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? नाही. माझ्या थरात काजू नाही."

"आई, मला वाईट वाटतंय विचारताना."

"मग वाटू दे थोडं. मलाही वाटलं."

थोरलीने मध्येच हात वर केला. "माझ्यात नाही. बदाम नाही, अक्रोड नाही, कुठलंच कठीण कवचाचं काही नाही. मीठसुद्धा कमीच आहे, ते जेवताना बोला." मग आवाज चढवून तिने स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "भाऊजी, तुमच्या थरात काजू आहे का हो?"

"नाही," आतून नवऱ्याचा आवाज आला. "वेडी आहात का? मीच ना तिला दवाखान्याच्या तारखेला घेऊन गेलो होतो?"

आता उरले सासरे. ते खिडकीबाहेर बघत होते.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ही भाजी होते. कुणी कुणाला विचारलं नाही. एकदा माझ्या आईने कारल्याचा थर लावला होता, आम्ही तोही मुकाट्याने खाल्ला. विश्वास म्हणून काही असतं घरात."

"असतो, बाबा."

"मग?"

धाकटी उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही. माझ्या थरात काजू नाही. झालं समाधान?"

झालं, असं म्हणायची हीच वेळ होती. सासूबाईंच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ लिहिलं होतं, की आता तरी पुरे कर. धाकटीने तोंड उघडलंही. पण प्रयोगशाळेत नऊ वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्याला एक वळण पडलेलं असतं. तिथे एकेक नळी बरोबर असून निकाल चुकायला लागले, तर नळ्या तपासत बसायच्या नसतात. सगळ्या नळ्यांमध्ये जे एकच द्रावण घातलेलं असतं, ती बाटली आधी बघायची असते. ती कुणाचीच नसते. म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

"आणि चुऱ्यात?" तिने विचारलं.

"चुऱ्यात काय असणार?" सासूबाई म्हणाल्या. "पाव. वाळवायचा, मंद आचेवर भाजायचा, कुटायचा. अख्ख्या रस्त्यावर माझ्या चुऱ्याचं नाव आहे. बायका विचारतात, याला अशी गोडी कशी येते, आमच्याला का येत नाही. मी सांगते, हात लागतो."

"बाकी काही नाही ना त्यात?"

"अगं, पाव म्हटलं ना."

"यंदा तर काहीच घातलं नाही," सासरे म्हणाले. धीर द्यावा तसं, अगदी सहज.

सासूबाईंनी मान वर केली.

"यंदा?"

सासऱ्यांनी हात एकमेकांत घट्ट धरले. "यंदा म्हणजे... यंदा मुद्दाम घातलं नाही. मुलीसाठीच. माझ्या लक्षात होतं."

"काय घातलं नाही?"

"पूड. दरवर्षी तू चुरा भरून ठेवलास, की मी मूठभर पूड मिसळायचो. तुला उगाच... चव येते म्हणून. तुला बरं वाटायचं लोक विचारायचे तेव्हा."

"कसली पूड?"

"काजूची," सासरे म्हणाले. थोरलीच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर पडला.

"पण यंदा नाही घातली," सासरे पुन्हा म्हणाले. "शपथेवर सांगतो."

धाकटीचा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आई, तो डबा शेवटचा कधी धुतलात?"

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. शर्ट खाली पडला होता. "तो डबा मी कधी रिकामा होऊ देत नाही," त्या म्हणाल्या. "उरलेल्यावर नवीन ओतते. माझ्या सासूबाईंनी तसंच सांगितलं होतं."

चमच्याला चिकटलेला तो तेलकट चुरा धाकटीच्या डोळ्यांसमोर आला. तो तिने स्वतःच्या हाताने पेरला होता. आणि त्याच्याही खालचा, तळाचा, पार खरवडून वरच्या थरावर गेला होता.

त्याच वेळी आत ओव्हनचं दार वाजलं आणि नवऱ्याचा खुशीतला आवाज आला. "खारे, बशी आण. कुरकुरीत कोपरा घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा."

बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं होती. धाकटीला त्यातलं एकही नंतर आठवलं नाही.

खार स्टुलावर बसली होती. मांडीवर बशी, बशीत सोनेरी तुकडा, त्यातून वाफ निघत होती. हातात चमचा होता आणि तोंड घट्ट मिटलेलं. नवरा तिच्यापुढे उकिडवा बसला होता. "अगं, फुंकर मार आणि खा. मी सांगतो ना, सगळ्यांना विचारलं आता आईने. ऐकलंस ना तू?"

खारीने मान हलवली. मिटल्या ओठांनीच.

धाकटीने बशी उचलली आणि लांब ओट्यावर ठेवली. चमचा काढून घेतला. मग गुडघ्यांवर बसून मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरायला गेली आणि तशीच थांबली. त्याच हातांनी तिने तो चुरा पेरला होता.

"खाल्लंस?"

"नाही. काका म्हणाले चालतं. पण तू हो म्हणाली नव्हतीस." खारीला रडू फुटायच्या बेतात होतं. "मी बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर केलंस. बोटं दाखव."

उजव्या अंगठ्याला चुरा लागला होता. अंगठ्याच्या कडेला दोन लाल पुळ्या उठायला लागल्या होत्या.

"हे बोट तोंडात घातलंस?"

खारीने विचार केला. तिला खरं बोलायला शिकवलं होतं, म्हणून तिने नीट विचार केला. "आठवत नाही," ती म्हणाली.

मग जे झालं ते फार शांतपणे झालं. धाकटीने कोपरापर्यंत हात धुतले, मग खारीचे धुतले, साबणाने, दोनदा. तोंड पुसलं, चूळ भरायला लावली. श्वास अडकला तर टोचायचं, कायम जवळ बाळगलेलं इंजेक्शन पिशवीतून काढून मांडीवर ठेवलं. नवऱ्याला गाडी दारात आणायला सांगितली. तो पांढराफटक पडला होता, किल्ली त्याच्या हातातून दोनदा निसटली. थोरली म्हणाली, "द्या इकडे, मी चालवते," आणि बाहेर जाऊन गाडी सुरू करून बसली.

"किती वेळ बघायचं?" सासऱ्यांनी दारातून विचारलं.

"अर्धा तास. पण काही दिसलं तर लगेच निघायचं."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि हातात धरलं. आत आले नाहीत. उंबऱ्यावरच उभे राहून दर मिनिटाला आकडा सांगत राहिले. सात. आठ. नऊ. त्यांचा आवाज कोरडा होता आणि मध्ये एकदाही चुकला नाही.

धाकटी खारीचे ओठ बघत होती. जीभ दाखव. गिळून बघ. एक ते वीस म्हण. खार म्हणत होती. चौदाव्या मिनिटाला तिने मान खाजवली आणि सगळ्या घराचा श्वास अडकला. ते फ्रॉकच्या कॉलरमुळे होतं. विसाव्या मिनिटाला अंगठ्याच्या पुळ्या होत्या तशाच होत्या, वाढल्या नव्हत्या. पंचविसाव्याला त्या फिकट झाल्या.

"तीस," सासरे म्हणाले.

मग खार म्हणाली, "मला भूक लागलीय. भूक लागली तर चालतं ना?" आणि धाकटी तिला छातीशी घेऊन एकदाची रडली.

ती भाजी त्या रात्री कुणी खाल्ली नाही. थोरलीने भांडं घट्ट झाकून आपल्या गाडीच्या डिकीत ठेवलं. सासूबाईंनी ओटा, टेबल, ओव्हन, दाराच्या मुठी, सगळं गरम पाण्याने पुसून काढलं. नवऱ्यालाही एका शब्दाने न विचारता फडकं धुवायला बसवलं. सासऱ्यांशी त्या बोलल्या नाहीत. मग कोऱ्या पातेल्यात बटाटे उकडले.

सगळे टेबलाभोवती बसले. बटाटे, लोणी, मीठ, बस. सासऱ्यांनी खारीचा बटाटा सोलायला घेतला, आणि खारीने त्यांचा हात धरून विचारलं, "आजोबा, यात काय आहे?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांनी काहीतरी थट्टा केली असती. "बटाटा," ते म्हणाले. "पाणी. तू टाकलंस तेवढं मीठ."

"आणि लोणी?"

"नवीन पाकीट. तुझ्या आईने वाचून पाहिलंय."

"मग चालेल," खार म्हणाली आणि खायला लागली.

सासूबाई ताटाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी लोकांना सांगत होते, हात लागतो म्हणून."

"लागतोच," सासरे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

ते पुढचा बटाटा सोलायला लागले.

जेवण झाल्यावर धाकटी ताटल्या गोळा करून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई मोरीपाशी होत्या. हे आत्ताच बोलायला हवं होतं, नाहीतर सकाळी बोलणं अवघड झालं असतं.

"आई, मी उद्या कामाला जात नाही. मुलीला इथे ठेवून आत्ता नाही जमायचं मला. दोन आठवड्यांची रजा मागते."

सासूबाईंचा हात पाण्याखाली तसाच राहिला. रीत मोडली तेव्हा दिसला होता त्याहून मोठा घाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. तो त्यांनी लपवलाही नाही.

"मी काजू देऊन आले होते," त्या म्हणाल्या. "स्वतः."

"माहीत आहे मला."

"तरी?"

"तरी, आई."

सासूबाईंनी नळ बंद केला. फळीवर ओळीने डबे होते. पत्र्याचे, काचेचे, प्लास्टिकचे. एकावरही नाव नव्हतं. कशात काय आहे ते चाळीस वर्षं एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, निदान आजपर्यंत त्यांना तसं वाटत होतं. त्यांनी पदराने हात पुसले, वर हात करून पहिला डबा काढला आणि झाकण उघडून धाकटीपुढे धरला.

"हे काय आहे ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण तू बघ. मग ओतून टाकू. दोन आठवडे आहेत म्हणतेस ना?"